रॉकचा कार्यक्रम, गाडीचा प्रवास आणि आपले कान

आवडता बँड आपल्या गावात येणार नाही, म्हणून हळहळत घरी बसण्याचे दिवस आता राहिले नाहीत. ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागांतील तरुण मंडळी अशा कार्यक्रमासाठी सरळ गाडी पकडतात. मार्च २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ हा ब्रिटिश बँड भारतात प्रथम आला, तो बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळूर गाठायचे म्हणजे जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. तरी हौशी मंडळी गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच मैदानावर ‘मेटालिका’ वाजले. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले, आणि त्यानंतर २५ व २६ तारखेला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये. अहमदाबादसाठी पश्चिम रेल्वेने खास गाड्याही सोडल्या होत्या.

अशा प्रवासाला निघणाऱ्याची तयारी कसली असते? तिकीट, मोबाईलची बॅटरी, काळा टी-शर्ट. घरच्यांची काळजीही ठरलेली असते: पाकीट सांभाळ, गाडी चुकवू नकोस. या साऱ्या गडबडीत एका अवयवाची आठवण कोणालाच राहत नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललेला असतो, तो म्हणजे कान. आजच्या लेखात मुख्यतः कानांविषयी आणि त्या ओघाने गर्दी, पाणी व परतीच्या प्रवासाविषयी माहिती करून घेऊ.

कान ऐकतो कसा?

आवाज म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, पडद्यामागची तीन इवलीशी हाडे ती पुढे ढकलतात आणि शेवटी ती अंतर्कर्णातील शंखासारख्या वळणदार नळीत पोहोचतात. या नळीत द्रव असतो आणि त्यात बुडालेल्या सूक्ष्म केसपेशी असतात. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार. वाऱ्याने भाताचे शेत डोलावे तशा या पेशींवरील तंतू कंपनांबरोबर डोलतात. त्यातून विद्युत संदेश निर्माण होतो आणि श्रवणनाडीमार्फत मेंदूकडे जातो. मग आपण म्हणतो, ‘ऐकू आले.’

आवाज फार मोठा असला की हे तंतू वाकतात. थोडा वेळ वाकले तर विश्रांतीनंतर पुन्हा उभे राहतात. पण फार वेळ किंवा वारंवार वाकले तर पेशीच मरते. कातडी खरचटली तर नवी येते, हाड मोडले तर सांधते. माणसाच्या कानातील केसपेशी मात्र एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. पंधरा हजारांची ही पुंजी जन्माच्या वेळी मिळते आणि आयुष्यभर तीच पुरवायची असते.

यात फसवणूक अशी की, पेशी मरताना दुखत नाही. चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. शंभर डेसिबलच्या आवाजात तीन तास उभे राहिले तरी कान ‘आई गं’ म्हणत नाही. कानाला पापणीही नाही की मिटून घ्यावी. म्हणून कानाचे रक्षण सवयीने नव्हे, समजून-उमजून करावे लागते.

किती आवाज, किती वेळ?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल. हे मोजमाप मीटर-किलोग्रॅमसारखे सरळ चढत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. आवाज अवघा ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. म्हणून कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरला जाणारा एक मान्य हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आवाजात ८ तास चालतील, ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे.

आता समजा, डोंबिवलीचा एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी नेरूळच्या कार्यक्रमाला गेला आहे. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ जागा मिळाली म्हणून तो खूश आहे. रॉकच्या कार्यक्रमात पुढच्या भागात १०० डेसिबल आवाज असणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे त्याच्या कानांचा दिवसभराचा शिधा पहिल्या तीन-चार गाण्यांतच संपला. पुढचे दोन तास तो उधारीवर ऐकत आहे आणि ही उधारी फेडायला काही साधन नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. त्यानुसार आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी, प्रेक्षकांना कानाचे संरक्षण उपलब्ध असावे आणि कानांना विसावा देण्यासाठी शांत जागा राखून ठेवावी. संयोजक हे पाळतात की नाही, ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते दुसरे.

कानातले बोळे

इअरप्लग म्हणजे कानात घालायचे मऊ बोळे. औषधांच्या मोठ्या दुकानांत फोमचे बोळे अगदी स्वस्तात मिळतात. नीट बसवले तर ते आवाज साधारण १५ डेसिबलने तरी कमी करतात. वरचा हिशेब पुन्हा करून पाहा. १०० मधून १५ वजा केले की ८५ राहिले. १५ मिनिटांची मुदत ८ तासांवर गेली. अवघ्या काही रुपयांत एवढी बचत दुसरीकडे कोठे होते?

पण ते नीट बसवायला हवेत. बोळा बोटांत वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाचा मार्ग सरळ होतो. मग बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. अर्धवट बाहेर लोंबणारा बोळा निरुपयोगी. घरी दोन-तीनदा सराव करून जावे. मैदानातल्या अंधारात शिकायला वेळ नसतो. फोमने गाणे दबके वाटते अशी तक्रार असेल, तर फिल्टर असलेले, वादक वापरतात तसे इअरप्लग घ्यावेत. ते महाग असतात, पण सारे सूर सारखेच उतरवतात आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. कापसाचा बोळा मात्र कामाचा नाही. त्याने आवाज फारसा अडत नाही, केवळ मनाचे समाधान होते.

याचा उपयोग खरोखर होतो का? ॲमस्टरडॅम येथे २०१५ साली मैदानी संगीतोत्सवात ५१ जणांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना इअरप्लग दिले, निम्म्यांना नाही. सरासरी १०० डेसिबलच्या आवाजात साडेचार तास काढल्यावर तपासणी केली, तेव्हा इअरप्लग न घातलेल्यांपैकी ४२ टक्के कानांत तात्पुरते ऐकणे कमी झालेले आढळले. घातलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

बोळे घालणे ‘बावळट’ दिसते असे तरुणांना वाटते. त्यांनी व्यासपीठाकडेच पाहावे. ‘कोल्डप्ले’चा गायक ख्रिस मार्टिन याने आपल्याला कानात सतत आवाज येण्याचा विकार असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे आणि तो कानांचे संरक्षण वापरतो. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्या कानांचेही असेच नुकसान झाले. ‘एसी/डीसी’चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली ऐकणे कायमचे जाण्याच्या धोक्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. ज्यांचे पोट संगीतावर चालते त्यांनीच हा धडा घेतला आहे.

निघण्यापूर्वी

नेरूळला जाणे आपल्याकडून सोपे. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला यावे आणि तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी धरावी. अहमदाबादसाठी दादरमार्गे किंवा वसई रोडमार्गे जावे लागते. डोंबिवलीकरांना कोपरच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाची गाडी मिळते. मार्ग कोणताही असो, जाण्याआधी परतीची गाडी ठरवावी. शेवटची लोकल किती वाजता आहे, ती चुकली तर रात्र कोठे काढायची, बरोबर कोण आहे, हे घरी सांगून निघावे.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. सकाळी पोटभर न्याहारी करावी; पोळी-भाजी, उपमा, पोहे काहीही. प्रवासात उघड्यावरचे कापलेले फळ, चटणी आणि बर्फ टाळावा. कार्यक्रमाच्या दिवशी जुलाब लागले तर तिकीट फुकट जाते आणि मैदानात हाल होतात. दमा असणाऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. मधुमेही व्यक्तींनी औषध, इन्सुलिन आणि थोडी साखर जवळ ठेवून तसे सोबत्याला सांगावे. कोणत्या वस्तू आत नेऊ देतात हे तिकिटावरील नियमांत पाहावे आणि औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

मैदानात

पाणी. अनेक ठिकाणी बाटली आत नेऊ देत नाहीत. म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वी पाणी प्यावे आणि आत गेल्यावर पाण्याची जागा आधी पाहून ठेवावी. तेथील स्वच्छतागृहांच्या धास्तीने अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर, डोकेदुखी आणि पुढे लघवीची जळजळ यांना आमंत्रण मिळते. मे महिन्याच्या उकाड्यात तर हे धोक्याचेच; १७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन’ रोझेस’चा कार्यक्रम भर उन्हाळ्यात झाला होता. मद्य पिऊन पाण्याची तहान भागत नाही, उलट लघवीवाटे पाणी जाते. अनोळखी माणसाने दिलेले पेय किंवा गोळी तोंडाला लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्ध हरपत आहे, तर तो उष्माघात समजावा. सावलीत किंवा मोकळ्या जागी नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि मदत केंद्राला किंवा १०८ क्रमांकावर कळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रकाश. झगझगणाऱ्या दिव्यांनी अपस्माराच्या काही थोड्या रुग्णांना झटका येऊ शकतो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांना विचारूनच जावे. दिव्यांचा त्रास वाटू लागला तर नुसते डोळे मिटणे पुरत नाही; एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे.

गर्दी. चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवली गेल्यानेच मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांचा मृत्यू उभ्या उभ्या होतो. चारी बाजूंच्या दाबाने छाती फुगत नाही आणि श्वास कोंडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे संगीताच्या कार्यक्रमात अशाच दाबाने १० जणांचा जीव गेला. आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ प्रवासी दगावले. म्हणून स्थानकाचा पूल आणि मैदानाचे फाटक ही दोन ठिकाणे सारखीच सांभाळायची आहेत. आपल्याला हात वर नेणे कठीण जाऊ लागले की ती धोक्याची पहिली खूण समजावी आणि तेव्हाच बाहेर पडावे. अडकलाच तर दोन्ही हात छातीसमोर घ्यावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोटाविरुद्ध झगडू नये. लोट ओसरला की तिरके तिरके कडेला सरकावे. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, मग ती मोबाईल का असेना.

परतीचा प्रवास

कार्यक्रम संपला की हजारो माणसे एकाच वेळी स्थानकाकडे धावतात. त्यात सामील होण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे मैदानाजवळ थांबून पाणी प्यावे, थोडे खावे. पहिली गाडी सोडून दुसरी पकडावी. दारात लटकू नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातील प्रवासी खाली पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. आपल्या रोजच्या मार्गावरची ही घटना विसरण्यासारखी नाही. त्यातून कार्यक्रमानंतर कान बधिर झालेले असतात. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा नेहमीसारखा ऐकू येईलच असे नाही. म्हणून त्या रात्री तर रूळ ओलांडण्याचा विचारही करू नये. रेल्वेत काही अडचण आली तर १३९ हा क्रमांक आहे.

गाडीत बसल्यावर पुष्कळ जण मोबाईलवर तीच गाणी पुन्हा लावतात. नेमके हेच टाळायचे. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि थकलेल्या केसपेशींना दुसरा मार बसतो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कानांना पूर्ण सुट्टी द्यावी.

उशिरा उतरून स्थानकाबाहेर ठेवलेली दुचाकी घेऊन निघणारेही आहेत. दिवसभर उभे राहून थकलेल्या, झोपेने पेंगणाऱ्या माणसाने दुचाकी चालवणे धोक्याचे. रिक्षा करावी किंवा घरून कोणाला तरी बोलवावे.

दुसऱ्या दिवशीचा कान

आपला डोंबिवलीचा विद्यार्थी घरी पोहोचला. कानात रातकिड्यासारखे ‘चीं’ वाजते आहे, आईचे बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते. मित्र सांगतात, ‘होतं असं, सकाळी जाईल.’ बहुधा जातेही, आणि तेथेच गफलत होते. आवाज थांबला म्हणजे सारे पूर्ववत झाले असे नाही. ती कानाने दिलेली नोटीस असते. अशा नोटिसा वारंवार आल्या की पुढे गर्दीत बोलणे उमजत नाही, ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे निसटतात आणि कानातला ‘चीं’ कायमचा मुक्कामाला येतो. वयाच्या विशीत केलेली उधळपट्टी अनेकदा चाळिशीत समोर येते.

म्हणून नियम साधा ठेवावा. एक दिवस उलटूनही कानात आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने एकाएकी ऐकू येणे बंद झाले, चक्कर येऊ लागली किंवा कानातून स्राव आला, तर एक दिवसही थांबू नये. एकाएकी आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर तितका गुण येण्याची शक्यता अधिक. आठवडाभर ‘बघू’ म्हणत काढला तर संधी निसटते. कानात कोमट तेल, लसणाचे तेल घालू नये. दोष आतल्या पेशींत आहे, तेथे तेल पोहोचतच नाही.

काही नेहमीच्या शंका

लहान मुलांना नेले तर चालेल का?
शक्यतो नेऊ नये. नेलेच तर त्यांच्या मापाचे, कानांवर बसणारे इअरमफ घालावेत आणि ध्वनिक्षेपकांपासून पुष्कळ दूर बसावे. अहमदाबादच्या कार्यक्रमापूर्वी तेथील बाल संरक्षण यंत्रणेने मुलांना कानांच्या संरक्षणाशिवाय येऊ देऊ नये, असे संयोजकांना बजावले होते.

आम्ही रॉक ऐकत नाही. आम्हाला याचे काय?
केसपेशीला ताल कळत नाही. गणपती विसर्जनाची मिरवणूक, नवरात्रातील दांडिया, हळदीच्या रात्रीचा डीजे या सर्वांना हाच हिशेब लागू आहे. ध्वनिक्षेपकाच्या गाडीमागे नाचणाऱ्या मुलाने आणि बाजूला बंदोबस्ताला उभ्या पोलिसानेही कानात बोळे घालावेत.

मोबाईलने आवाज मोजता येतो का?
ढोबळ अंदाज येतो. त्याहून सोपी खूण अशी: हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानांना धोक्याचा आहे.

पालकांना एक सांगणे

मुलगा किंवा मुलगी कार्यक्रमाला निघाली की नुसते ‘काय तो धांगडधिंगा’ म्हणून सुनावू नका. तसे म्हटले की ती न सांगता जातात आणि कानात ‘चीं’ वाजू लागला तरी घरी बोलत नाहीत. जाऊ द्या, पण डब्यासोबत इअरप्लगचा एक जोड हातावर ठेवा. परत आल्यावर गाणी कशी झाली हे विचारा आणि त्याच बोलण्यात कानांचीही चौकशी करा.

लक्षात ठेवा

१. इअरप्लग खिशात नव्हे, कानात हवेत. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत.
२. ध्वनिक्षेपकांपासून दूर उभे राहा. दर तासाला दहा-पंधरा मिनिटे शांत जागी जा.
३. पाणी आधी प्या, मध्ये प्या, नंतर प्या.
४. गर्दीत हात छातीसमोर ठेवा आणि तिरके बाहेर पडा.
५. परतीची गाडी आधीच ठरवा. दारात लटकू नका, रूळ ओलांडू नका.
६. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी इअरफोन बंद.
७. एक दिवसानंतरही कानात आवाज येत असेल तर डॉक्टरांकडे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर ताबडतोब.

आवडीचे संगीत प्रत्यक्ष ऐकण्यासाठी दुसऱ्या शहरी जाणे यात वावगे काहीच नाही. जरूर जावे, मनसोक्त नाचावे. फक्त पुढचा कार्यक्रम, त्यापुढचा कार्यक्रम आणि म्हातारपणी नातवाचे बोबडे बोल, हे सारे याच दोन कानांनी ऐकायचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.